पथ्याची नोंद आणि हातातला फोन: मधुमेहींच्या आहारासाठी स्मार्टफोन ॲपचा आढावा

मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने मोडीत काढली आहे. या पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता आणि राज्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के, त्यातही शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले होते. पुढे एकतीस राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेले एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज त्यातून पुढे आला. एवढ्या माणसांना आहाराचा सल्ला समोरासमोर बसून, पुन्हा पुन्हा देता येईल इतके आहारतज्ज्ञ देशात नाहीत आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. स्मार्टफोनवरील ॲप ही पोकळी भरून काढेल, अशी अपेक्षा गेल्या दशकभरात जगभर व्यक्त झाली आहे. ती कितपत खरी ठरली, कोठे कमी पडली आणि मराठी ताटासमोर ती कशी टिकते, याचा आढावा येथे घेतला आहे.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे. खामगावहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरचे, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५८ हजार वस्तीचे हे तालुक्याचे गाव आहे. त्याची बाजारपेठ सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर चालते आणि त्याचा दिनक्रम अर्धा शेतीचा, अर्धा दुकान-नोकरीचा आहे. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयात काम करणाऱ्या माणसासाठी रचलेले साधन चिखलीच्या घरात उपयोगी पडते की नाही, या कसोटीवरच त्या साधनाचे खरे मोल ठरते, कारण महाराष्ट्रातील मधुमेहींचा मोठा हिस्सा अशाच गावांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत राहतो.

पथ्य, प्रमाण आणि बारीक अंगाचा मधुमेह

आहार आणि मधुमेह यांचा संबंध भारतीय वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि सुश्रुताने प्रमेहाची जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवणारा अशी विभागणी केली आहे. मराठीत ‘पथ्य’ हा शब्द आजही घरोघरी जिवंत आहे. तथापि मधुमेहाच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘गोड बंद’ एवढाच उरला आहे, आणि येथेच पहिली गफलत होते. रक्तातील साखर वाढवणारा घटक म्हणजे कर्बोदके, आणि ती जशी साखरेत व गुळात असतात तशीच भाकरी, पोळी, भात, पोहे आणि साबुदाण्यातही असतात. पचनानंतर या साऱ्यांचे शेवटी ग्लुकोजच होते. ‘इंडियाब’ पाहणीतील आहारविषयक विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नयेत असे सुचवले आहे. म्हणजे चूक गोडाच्या वाटीपेक्षा ताटाच्या मांडणीतच अधिक आहे.

दुसरी गफलत शरीराच्या बांध्याविषयी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच मोजमाप छापले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी साठते, स्नायू कमी असतात आणि त्यामुळे मधुमेह कमी वजनावरच गाठतो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा आहे. ज्या ॲपमध्ये वजन कमी करणे हेच एकमेव ध्येय मानलेले असते, ते चिखलीतल्या बारीक अंगाच्या मधुमेही शेतकऱ्याला ‘तुमचे वजन योग्य आहे’ असे सांगून चुकीचा दिलासा देऊ शकते. अशा माणसाला कमी खाण्यापेक्षा वेगळे खाण्याची, म्हणजे धान्य थोडे आवरून डाळी, कडधान्ये, दूध-दही, अंडी आणि पालेभाज्या वाढवण्याची अधिक गरज असते.

ॲप नेमके काय करते

आहारविषयक ॲप वरून वेगवेगळी दिसली तरी त्यांची कामे चार प्रकारांत मोडतात. पहिले काम नोंदीचे: काय खाल्ले ते वापरणारा लिहितो किंवा ताटाचे छायाचित्र काढतो आणि ॲप आपल्याजवळच्या यादीतून त्याचे उष्मांक, कर्बोदके व प्रथिने काढून देते. दुसरे काम आठवणीचे: औषध, तपासणी, चालणे, जेवणाची वेळ यांची सूचना ठरल्या वेळी वाजते. तिसरे काम सांगड घालण्याचे: घरच्या ग्लुकोमीटरवरील किंवा दंडावर लावलेल्या संवेदकावरील साखरेचे आकडे जेवणाच्या नोंदीशेजारी मांडले जातात, आणि कोणत्या जेवणानंतर साखर किती चढली हे माणसाला स्वतःच्याच आकड्यांतून दिसते. चौथे काम सल्ल्याचे: पलीकडे बसलेला आहारतज्ज्ञ, परिचारिका किंवा संगणकीय प्रणाली त्या नोंदी वाचून काय बदलावे ते कळवते.

या क्षेत्राची वाटचाल फार जुनी नाही. अमेरिकेत ‘मायफिटनेसपाल’ २००५ मध्ये सुरू झाले, ऑस्ट्रियातील ‘मायशुगर’ २०१२ मध्ये आले आणि २०१७ मध्ये ते ‘रोश’ या औषधकंपनीने विकत घेतले. भारतात बंगळुरूचे ‘हेल्दीफायमी’ २०१२ मध्ये सुरू झाले आणि पुढे ‘बीटओ’, ‘फिटरफ्लाय’ यांसारख्या मधुमेहावर भर देणाऱ्या सेवा उभ्या राहिल्या. सार्वजनिक क्षेत्रात राष्ट्रीय पोषण संस्थेने ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे विनामूल्य ॲप काढले असून भारतीय अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेतील मोजणीचा आधार हे त्याचे बलस्थान आहे. जर्मनीने तर २०१९ मध्ये कायदा करून, तपासणीत उतरलेली आरोग्यविषयक ॲप डॉक्टरांना औषधाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून देता यावीत आणि त्यांचा खर्च आरोग्य विम्यातून मिळावा, अशी व्यवस्था केली.

प्रयोगांनी काय दाखवले

परिणाम मोजण्यासाठी मधुमेहात ‘एचबीएवनसी’ ही तपासणी वापरतात. रक्तातील लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी या तपासणीत कळते, ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेह दाखवतो. ब्रिटनमधील मोठ्या दीर्घकालीन अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, हा आकडा एक टक्क्याने कमी असण्याशी डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध आढळला होता. त्यामुळे अर्ध्या टक्क्याची घटही रुग्णाच्या आयुष्यात किरकोळ नसते.

‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांचे संकलन करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सोळा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा संगणकाधारित स्व-व्यवस्थापनाने एचबीएवनसी सरासरी ०.२ टक्क्याने घटल्याचे दिसले, मात्र मोबाइल फोन वापरलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या असता ही घट ०.५ टक्क्यापर्यंत गेली. २०१६ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकातील चौदा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानेही प्रकार दोनच्या मधुमेहात ॲप वापरणाऱ्यांमध्ये सरासरी ०.४९ टक्क्याची घट नोंदवली. तरुण रुग्णांना लाभ अधिक झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडून प्रतिसाद मिळत असेल तर परिणाम वाढतो, असेही त्यात दिसले. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतील एका वर्षभराच्या चाचणीत, फोनवरील मार्गदर्शनाला डॉक्टरांपर्यंत पोहोचणाऱ्या माहितीची जोड दिलेल्या गटात एचबीएवनसी १.९ टक्क्यांनी, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ०.७ टक्क्याने घटले होते. या आकड्यांमागचा समान धागा असा की ॲपच्या पलीकडे जिवंत माणूस असेल आणि त्याने नोंद वाचली आहे हे रुग्णाला ठाऊक असेल, तर फोनचा उपयोग होतो.

भारतातील पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांवर दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार व व्यायामाविषयी केवळ एसएमएस पाठवले गेले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के तर न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला. स्मार्टफोनही नाही आणि इंटरनेटही नाही, साधा फोन आणि थोडक्यात लिहिलेला वेळेवरचा संदेश एवढ्या बळावर हा फरक पडला, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. याउलट चेन्नई, बंगळुरू आणि दिल्ली या तीन शहरांत ७४१ व्यक्तींवर झालेल्या ‘एमडायब’ चाचणीत स्मार्टफोन ॲप आणि दूरध्वनीवरील मार्गदर्शन असूनही वजनातील सरासरी घट सुमारे एक किलोच होती.

अपयशाची नोंदही तितकीच बोलकी आहे. हरियाणा आणि कर्नाटकातील चाळीस सामुदायिक आरोग्य केंद्रांत झालेल्या ‘एमवेलकेअर’ चाचणीत परिचारिकांच्या हाती टॅबलेटवरील निर्णय-साहाय्य प्रणाली देण्यात आली आणि रुग्णांना आठवणीचे संदेश पाठवले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, प्रशिक्षित परिचारिका आणि उपचारांचे फलक एवढीच सोय असलेल्या केंद्रांच्या तुलनेत या केंद्रांत रक्तदाब व एचबीएवनसी यांत फरक आढळला नाही, कारण सुधारणा दोन्हीकडे झाली होती. प्रशिक्षित माणूस आणि नीट चालणारे केंद्र असेल तर यंत्राने पडणारी भर थोडीच असते, हा या चाचणीचा धडा आहे. शिवाय दीर्घ आजारांवरील ॲपच्या अभ्यासांचे २०२० मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यानुसार सरासरी ४३ टक्के सहभागी मध्येच गळले. अभ्यासात भाग घेण्यास स्वतःहून तयार झालेल्यांची ही स्थिती असेल, तर हौसेने ॲप उतरवून घेतलेल्या सामान्य माणसाचा उत्साह किती टिकतो याची कल्पना करता येते.

ॲपला ताट ओळखू येते का

नोंदीची सारी इमारत एका गृहीतावर उभी असते: जे ताटात आहे ते ॲपच्या यादीत आहे. वऱ्हाडी स्वयंपाकघरात हे गृहीत पहिल्याच घासाला डळमळते. ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, ठेचा, पातोडीचा रस्सा, वरण-बट्टी, रोडगे, हिवाळ्यातला हुरडा, अक्षय्यतृतीयेचा आमरस आणि कुरडया, पोळ्याची पुरणपोळी हे पदार्थ बहुतेक याद्यांत एक तर सापडत नाहीत किंवा दुसऱ्याच प्रांतातील पदार्थाच्या मापाने मोजले जातात. पदार्थ सापडला तरी ‘एक नग’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. शेतावर जाणाऱ्या माणसाची भाकरी आणि शहरातल्या उपाहारगृहातील भाकरी यांच्या पिठात दुपटीचा फरक असू शकतो.

पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय अन्नघटक सारणी’चा आधार घेऊन हा हिशेब मांडता येतो. या सारणीत ५२८ अन्नपदार्थांचे विश्लेषण असून १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतुमय घटक, गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके आणि ११ ग्रॅम तंतू, बाजरीत सुमारे ६२ ग्रॅम कर्बोदके आणि साधारण तितकेच तंतू, तर पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके आणि तीन ग्रॅमांहूनही कमी तंतू दिले आहेत. ‘शुगर आहे म्हणून पोळी सोडून भाकरी खातो’ असे समाधानाने सांगणाऱ्या माणसाला हे आकडे विचारात पाडतात, कारण ज्वारी आणि गहू यांतील कर्बोदकांचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात आणि शंभर ग्रॅम पिठाची मोठी भाकरी खाल्ली तर ६८ ग्रॅम. भाकरी चांगलीच आहे, पण ती किती खाल्ली आणि तिच्यासोबत काय खाल्ले यावर पुढचे सारे ठरते. दिवसाला दोन चमचे साखरेचे पाच कप चहा पिणारा माणूस एक दाणाही गोड न खाता सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात घालतो, आणि चांगल्या ॲपची नोंद नेमकी अशीच नजरेआड झालेली गोष्ट दाखवून देते.

या ताटाला शेतीचाही संदर्भ आहे. एकेकाळी जिल्ह्याच्या खरिपात ज्वारीचे जे स्थान होते ते आता मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतले आहे; सोयाबीन बाजार समितीत जाऊन तेलगिरणीकडे वळते, घरच्या ताटात क्वचितच येते, आणि शिधावाटप दुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळतो. ज्वारी खा असा सल्ला देणाऱ्या ॲपला ती विकत घ्यावी लागते हे ठाऊक नसते. मात्र तूर आणि हरभरा आजही याच मातीत पिकतात आणि शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे चिखलीच्या मधुमेही माणसासाठी ओट्स, किन्वा आणि ब्रोकोली सुचवण्याऐवजी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, पिठलं, ताक आणि अंबाडी-मेथी-चाकवताच्या भाज्या वाढवा आणि भाकरीचा आकार आवरा, असे सांगणारे ॲप अधिक शास्त्रीय आणि स्वस्तही ठरेल. भाजी, कोशिंबीर आणि वरण आधी खाऊन भाकरी-भात शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे लहान प्रयोगांतून दिसले आहे, आणि या बदलाला एक पैसाही लागत नाही.

व्हॉट्सॲपवरचे पथ्य: महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव

मराठी समाजात फोनच्या आधारे आहार बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयोग कोणत्याही खास ॲपवर झाला नाही. तो यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर झाला. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची पद्धत मांडली. मराठी भाषणांच्या चित्रफिती गावोगाव पोहोचल्या, सुरुवातीला उपाशीपोटी इन्सुलिन व एचबीएवनसी तपासून घेण्याचा आग्रह धरला गेला आणि सहभागींचे व्हॉट्सॲप गट करून त्यांत शंकानिरसन व पाठपुरावा होऊ लागला. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मांडलेला थोड्या थोड्या वेळाने थोडे खाण्याचा विचारही लोकप्रिय होता, आणि दोन्ही बाजूंच्या समर्थकांत घराघरांत, दिवाणखान्यांत आणि वृत्तपत्रांतून जोरदार चर्चा झाली.

वैद्यकीयदृष्ट्या कोणती पद्धत कोणाला लागू पडते हा वेगळा विषय आहे. येथे महत्त्वाचे आहे ते या प्रयोगाचे रूप. भाषा मराठी होती, नियम एका वाक्यात सांगता येत होते, उष्मांक मोजण्याची कटकट नव्हती, साधन सर्वांच्या हाती आधीच होते, आणि शेजारच्या गल्लीतला माणूसही त्याच गटात असल्याने लाज व भीती दोन्ही कमी झाल्या. महागड्या ॲपना जे साधले नाही ते या साध्या रचनेला साधले, कारण तिच्यात संगत होती. मात्र तिच्या मर्यादाही याच रचनेत आहेत: गटात प्रत्येकाच्या औषधांची माहिती कोणाकडे नसते, एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला ठामपणे सांगितला जातो, आणि खऱ्या सल्ल्याच्या मागोमाग ‘या काढ्याने शुगर कायमची जाते’ असा संदेशही तितक्याच वेगाने फिरतो.

फोन कोणाचा, स्वयंपाक कोणाचा

२०१६ नंतर स्वस्त इंटरनेट गावोगाव पोहोचले, तरी घरातला फोन सर्वांचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत, देशातील ५७ टक्के पुरुषांनी तर ३३ टक्के महिलांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के महिलांकडे होता. आहाराच्या ॲपसाठी ही दरी विशेष घातक आहे, कारण बहुतेक घरांत स्वयंपाक बाई करते आणि ॲप मात्र रुग्णाच्या, बहुधा पुरुषाच्या फोनमध्ये असते. ‘तेल कमी करा, भात अर्धी वाटी घ्या’ ही सूचना ज्या हातांनी अमलात यायची ते हात त्या सूचनेपासून दूर राहतात. आणि मधुमेह घरातील बाईलाच असेल तर सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या त्या माउलीच्या जेवणाची नोंद कोणीच ठेवत नाही. पथ्य एकट्या माणसाचे नसते, ते घराचे असते, आणि एका व्यक्तीच्या नावाने उघडलेले खाते ही गोष्ट लक्षात घेत नाही.

वय हीदेखील अडचण आहे. मधुमेहाचा भार चाळिशीनंतर वाढतो, तर छोट्या पडद्यावर टंकलेखन करून प्रत्येक घास नोंदवण्याची सवय तरुणांना असते. बोलून नोंद करण्याची सोय, मोठी अक्षरे, ग्रॅमऐवजी वाटी, पळी आणि मूठ ही मापे, आणि वऱ्हाडी बोलीतील नावे ओळखण्याची क्षमता या गोष्टी ग्रामीण मराठी वापरासाठी पायाभूत आहेत.

धोके

आहाराचा सल्ला निरुपद्रवी असतो असे मानले जाते, परंतु मधुमेहात तसे नसते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने ॲपच्या किंवा गटाच्या सांगण्यावरून जेवण टाळले अथवा कर्बोदके एकदम कमी केली, तर साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरून घाम, थरथर, भोवळ आणि क्वचित बेशुद्धी येऊ शकते. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करणे हा प्राथमिक उपाय आहे, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. एकादशी, चतुर्थी आणि नवरात्राचे उपवास पाळणाऱ्या प्रदेशात हा धोका दुहेरी असतो: सकाळी पोट रिकामे राहते आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात जाते. उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आधी बदलून घेणे आणि साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाणे, ताक-दही यांचा बेताने वापर करणे, ही सूचना मराठी पंचांग जाणणाऱ्या ॲपने आदल्या दिवशी द्यायला हवी. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या रुग्णाला सरसकट प्रथिने वाढवा असे सांगणेही तितकेच धोक्याचे आहे.

दुसरा धोका माहितीचा आहे. माणूस काय खातो, किती वजनाचा आहे, कोणती गोळी घेतो ही माहिती विमा व औषधविक्री यांच्या दृष्टीने मोलाची असते. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि संमतीची अट घातली, तरी इंग्रजीतील लांबलचक अटींखाली ‘मान्य’ दाबणाऱ्या वापरकर्त्याची संमती खऱ्या अर्थाने संमती म्हणता येत नाही. विनामूल्य ॲपमधून पूरक आहाराच्या भुकट्या व महाग योजना विकल्या जातात तेव्हा सल्ला कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हे रुग्णाला कळेनासे होते.

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी सांधा

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची सुरुवात २०१० मध्ये झाली आणि आज त्याच्या अंतर्गत आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची घरोघरी जोखीम-नोंद करते, आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी तपासणी व औषधांचा पाठपुरावा करतात आणि ‘ई-संजीवनी’च्या माध्यमातून दूरस्थ डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. या व्यवस्थेत फोनचा वापर आधीच रुजला आहे, पण तो मुख्यतः वरच्या कार्यालयाला माहिती पाठवण्यासाठी आहे. रुग्णाच्या ताटापर्यंत तो पोहोचलेला नाही. आशा कार्यकर्तीला गावातली चूल, मापे, सणवार आणि घरातले मतभेद ठाऊक असतात. तिच्यावर आणखी एका अर्जाचा बोजा न टाकता, योग्य मानधनासह, महिन्यातून एकदा घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसोबत ताटाची नोंद वाचण्याचे काम तिच्याकडे दिले आणि अवघड प्रश्न समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट ठेवली, तर प्रयोगांनी ज्याला निर्णायक ठरवले आहे तो ‘पलीकडचा माणूस’ गावातच मिळतो.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आहारविषयक ॲप मधुमेहात उपयोगी आहे, पण त्याचा सरासरी लाभ एचबीएवनसीमध्ये सुमारे अर्ध्या टक्क्याचा आहे. तो माणसाच्या पाठपुराव्याने वाढतो, एकट्याने वापरल्यास ओसरतो, आणि साधा लघुसंदेशदेखील काही वेळा तेवढेच काम करतो. औषधाची, डॉक्टरांची किंवा तपासणीची जागा ॲप घेऊ शकत नाही. मराठी ग्रामीण वापरासाठी त्याची कसोटी चार प्रश्नांनी घेता येते: ते घरचे ताट ओळखते का, मराठीत बोलते का, स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत पोहोचते का, आणि त्याच्या नोंदी कोणी जबाबदार माणूस वाचतो का. या चारही प्रश्नांना होकार देणारे साधन राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सारण्या, राज्याची आरोग्ययंत्रणा आणि मराठी भाषेचे जाणकार यांनी एकत्र येऊन घडवणे शक्य आहे आणि ते सार्वजनिक पैशातून, विनामूल्य व्हायला हवे.

तोवर मधुमेही वाचकाने महाग ॲपची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्यातील तीन दिवस ताटाचे छायाचित्र जेवणाआधी काढावे, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर तपासून आकडा त्याखाली लिहावा, आणि पुढच्या खेपेला तो फोन डॉक्टरांसमोर, शक्य असल्यास घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून, उघडावा. एवढी नोंद प्रामाणिकपणे ठेवली तरी कोणत्या भाकरीने, कोणत्या चहाने आणि कोणत्या उपवासाने साखर वाढते याचे उत्तर प्रत्येक घराला आपापल्या ताटातूनच मिळेल.